ग्रंथालयाच्या छपराचा खर्च



ग्रंथालयाच्या व्यासपीठावर उभं राहिलं की वाचनसंस्कृतीबद्दल बोलायची रीत आहे. ती आज मी मोडणार आहे. मी पेशाने स्थापत्य अभियंता. नोकरीत तुळया, खांब आणि गळक्या गच्च्या पाहिल्या. निवृत्तीनंतर एका तालुका ग्रंथालयाच्या कार्यकारिणीत गेलो, तर तिथेही विषयपत्रिकेवर पहिला विषय गळतीचाच. त्यामुळे आजचं बोलणं पुस्तकांबद्दल कमी आणि पुस्तकं ज्या छपराखाली राहतात त्याबद्दल जास्त असेल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना लवकर घरी जायचं आहे त्यांची सोय होईल. महाराष्ट्र शासन सार्वजनिक ग्रंथालयं चालवायला पैसे देतं. ती उभी कुठे राहायची, याची जबाबदारी मात्र घेत नाही. इमारत आणि दुरुस्ती यांसाठी दरवर्षीचा, आधी जाहीर झालेला, हक्काने मागता येईल असा निधी जोवर होत नाही, तोवर चालवण्यासाठीच्या, म्हणजे परिरक्षण अनुदानात कितीही वाढ झाली तरी तिच्यातून घेतलेली पुस्तकं ओल आणि वाळवी खाणार आहेत.

आता थोडा कायदा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. तो १ मे १९६८ पासून लागू झाला. त्याआधी १९३९ मध्ये बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने ग्रंथालयांसाठी फैजी समिती नेमली होती, तिचा अहवाल १९४० मध्ये आला आणि अंमलबजावणीला १९४७ उजाडलं. कोल्हापूर संस्थानाने तर १९४५ मध्येच स्वतःचा ग्रंथालय कायदा करून टाकला होता. १९६७ च्या कायद्याने लोकांनी काढलेल्या ग्रंथालयांना मान्यता द्यायची आणि अनुदान द्यायचं, हा मार्ग धरला. हा मार्ग मला आजही शहाणपणाचा वाटतो. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. कायदा यायच्या कितीतरी आधीपासून लोकांनी हे काम करून ठेवलं होतं. ते मोडून सरकारी खातं उभारण्यापेक्षा त्याला हातभार लावणं बरं.

पण हातभार कशाला? १९७० साली नियम झाले. त्यांच्या नावातच शासनमान्यता आहे, सहायक अनुदान आहे, आणि इमारत व साधनसामग्री अनुदानही आहे. म्हणजे इमारतीला पैसा लागतो ही गोष्ट शासनाला तेव्हाच सुचली होती. पुढच्या अर्धशतकात मात्र त्या नावातली पहिली बाजूच पुष्ट झाली. परिरक्षण अनुदान ठरलेल्या दराने, वर्गवारीप्रमाणे, दोन हप्त्यांत येतं. उशिरा येतं, पण येतं. त्यासाठी मोर्चे निघतात, विधिमंडळात प्रश्न विचारले जातात. इमारत मात्र तरतूद असेल तर, ओळख असेल तर, निवडणूक जवळ आली असेल तर.

या अनुदानाचा हिशेब एकदा डोळ्यांखालून घाला. राज्यात अकरा हजारांहून अधिक शासनमान्य ग्रंथालयं आहेत आणि त्यांतली फार मोठी संख्या 'क' आणि 'ड' या खालच्या वर्गांतली आहे. 'ड' वर्गाला वर्षाला ३० हजार रुपये मिळत. २०१२ मध्ये ग्रंथालयांची पडताळणी झाली, नवी मान्यता आणि वर्गबदल थांबले, आणि पुढची दहा वर्षं हाच दर चालला. २०२२-२३ पासून ६० टक्के वाढ झाली. ३० हजारांचे ४८ हजार झाले. महिन्याला ४ हजार. त्यातलं निम्मं वेतनावर घालायचं, म्हणजे ग्रंथपालाच्या हातात २ हजार. उरलेल्या २ हजारांत पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज, बांधणी, स्टेशनरी. यातून छपराचा पत्रा कोण बदलणार? जिल्ह्याच्या ठिकाणच्या 'अ' वर्गाला ७ लाख २० हजारांचे ११ लाख ५२ हजार झाले, ही रक्कम कानाला बरी वाटते. पण शंभर-सव्वाशे वर्षांची दगडी भिंत आणि सागवानी वाशे असलेली वास्तू नुसती रंगवायची म्हटली तरी तिथे अंदाजपत्रक लाखांतच सुरू होतं.

कर्मचाऱ्यांच्या वेतनासाठी समित्या झाल्या. प्रभा राव समिती झाली, व्यंकप्पा पत्की समिती झाली, आणि त्यांच्या शिफारशींसाठी कर्मचारी अजून भांडत आहेत. ते भांडण शंभर टक्के न्याय्य आहे. इमारतीसाठी मात्र कुणी भांडत नाही, कारण इमारतीची संघटना नसते.

मग ग्रंथालयं राहतात कुठे? गावात ग्रामपंचायतीच्या एका खोलीत, समाजमंदिरात, देवळाच्या ओवरीत, शाळेने दिलेल्या वर्गात. सरपंच बदलला की खोली जाते. शहरात जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर भाड्याने. इथे एक गमतीची कोंडी आहे. भाडं जुनं, नाममात्र, म्हणून मालक एक वीट बसवत नाही. ग्रंथालय भाडेकरू, म्हणून त्याला इमारतीसाठी मदत मागता येत नाही. आणि वाडा पुनर्विकासाला गेला की वाटाघाटीच्या टेबलावर सगळ्यांत कमी आवाज ग्रंथालयाचा. स्वतःची जागा असली तरी सुटका नाही. आपली बहुतेक ग्रंथालयं १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असतात. जागा विकायची, लांब मुदतीने भाड्याने द्यायची, विकसकाला द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. ते योग्यच आहे, नाहीतर आज निम्म्या संस्थांच्या जागी कापडाची दुकानं दिसली असती. पण त्यामुळे जागा गहाण टाकून दुरुस्ती करण्याचा मार्गही अवघड होतो. आणि सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर अजून पणजोबांच्या काळच्या देणगीदाराचंच नाव असेल तर बोलायलाच नको.

आता माझ्या धंद्यातलं थोडं सांगू द्या, कारण या विषयात ते क्वचित बोललं जातं. कागद जड असतो. राहत्या घराची जमीन दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वजन पेलेल अशी धरून आपण घर बांधतो. ग्रंथालयाच्या कपाटांच्या दालनासाठी भारतीय मानक ब्यूरोचं प्रमाण ६०० किलो आहे, आणि तेही कपाटं २.२ मीटर उंचीच्या आत असली तर. त्यावर गेलात की प्रत्येक मीटर उंचीला आणखी २०० किलो. म्हणजे घरासाठी बांधलेल्या पहिल्या मजल्यावर आपण पुस्तकांची कपाटं ओळीने लावतो, तेव्हा त्या जमिनीवर तिच्या हिशेबाच्या तिप्पट ओझं ठेवत असतो. लगेच काही होत नाही. तुळई हळूहळू वाकते, दार अडकायला लागतं, फरशीची रेघ उघडते, आणि कार्यवाह म्हणतात, "दमट हवेनं दार फुगलंय."

बरं, मग पुस्तकं तळमजल्यावर ठेवा. ठेवली. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. वाशिष्ठीचं पाणी २६ जुलै २००५ ला शहरात शिरलं आणि २२ जुलै २०२१ ला पुन्हा शिरलं. सांगलीत ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली आणि तिथल्या जुन्या नगर वाचनालयातली पुस्तकं चिखलात गेली. भिजलेलं पुस्तक नुसतं ओलं होत नाही, ते फुगतं. कपाटात घट्ट बसवलेली पुस्तकं फुगली की कपाटाच्या बाजू बाहेर ढकलतात, कधी लोखंडी पत्राही वाकवतात. पाणी उतरल्यावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. पूर आल्यावर मदत येते, देणगीदार पुस्तकं पाठवतात, माणसं धावून येतात; दोन्ही गावांनी ते करून दाखवलं आहे. पण पुराच्या रेषेच्या वर, सहाशे किलो पेलणारी जमीन असलेला एक मजला बांधायला लागणारा पैसा मदतनिधीच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. पुस्तकांची नुकसानभरपाई मिळते, आणि ती नवी पुस्तकं पुन्हा त्याच तळमजल्यावर लागतात.

हे शासनाला जमणारच नाही असं कुणी म्हणू नये. आपल्याच माणसाने ते करून दाखवलं आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा सयाजीराव म्हणून बडोद्याच्या गादीवर बसला आणि त्याने १९१० साली अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालय खातं उभं केलं. सयाजीरावांच्या योजनेतली फिरती ग्रंथालयं सगळ्यांना माहीत असतात. मला तिच्यातली वाटणी जास्त महत्त्वाची वाटते. गावाने ग्रंथालयाच्या खर्चाचा एक तृतीयांश जमवायचा. एक तृतीयांश पंचायत देईल, एक तृतीयांश सरकार देईल. इमारतीलाही हेच सूत्र. गावकऱ्यांनी आपला वाटा आणून ठेवला की पुढचा पैसा कुणाच्या कृपेवर नव्हता. गावाला काय करायचं ते ठाऊक, सरकारला किती द्यायचं ते ठाऊक. आणि राजधानीतलं मध्यवर्ती ग्रंथालय? १९३१ मध्ये उभ्या राहिलेल्या त्या इमारतीतल्या लोखंडी मांडण्यांच्या मजल्यांना काचेच्या फरश्या आहेत, वरचा उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून. विजेवर भिस्त न ठेवता वाचता यावं, हा विचार तिथे आधी झाला आणि बांधकाम नंतर. आमच्याकडे बांधकाम आधी होतं आणि खिडकीच्या आड कपाट येतं हे नंतर कळतं.

बाकीच्या राज्यांचं काय? मद्रासने १९४८ मध्ये, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या प्रयत्नांमुळे, कायदा केला आणि घरपट्टीवर ग्रंथालय उपकर बसवला. कर्नाटकाने १९६५ मध्ये, केरळने १९८९ मध्ये तेच केलं. गोव्याने १९९३ च्या कायद्यात मद्यावर अधिभार ठेवला; दारूच्या पैशातून वाचनालय ही कल्पना काहींना टोचेल, मला ती फार आवडते. त्याच गोव्यात १८३२ साली सुरू झालेलं मध्यवर्ती ग्रंथालय, म्हणजे आताचं कृष्णदास शामा ग्रंथालय, पणजीच्या पाटो भागात शासनाने बांधलेल्या प्रशस्त नव्या इमारतीत गेलं आहे. आपण उपकर लावला नाही. १९६७ च्या कायद्यात शासनाने ग्रंथालय निधीत दरवर्षी किमान २५ लाख घालावेत एवढं लिहिलं. उपकर म्हणजे रामबाण असंही मी म्हणणार नाही. घरपट्टीबरोबर गोळा झालेला उपकर महापालिकांनी ग्रंथालयाकडे वळताच केला नाही, अशी तक्रार तमिळनाडूत वर्षानुवर्षं चालू आहे. पैसा कुठून येतो यापेक्षा तो कुणाच्या नावाने, कोणत्या तारखेला बाहेर पडतो, याला जास्त महत्त्व आहे.

देशाबाहेर पाहिलं, तर उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीने जगभर २,५०९ ग्रंथालयांना इमारती दिल्या. त्याची अट होती: जागा गावाची, आणि इमारतीच्या खर्चाच्या दहा टक्के रक्कम गावाने दरवर्षी चालवण्यासाठी करातून द्यायची. तो इमारत देई आणि चालवण्याची हमी घेई. आमचं शासन चालवायला देतं आणि इमारतीची हमी कुणाकडूनच घेत नाही. कॅलिफोर्नियात २००० साली ग्रंथालयांच्या बांधकामासाठी ३५ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांवर मतदारांचं मत घेतलं, ते मंजूर झालं. २००६ मध्ये ६० कोटींसाठी पुन्हा विचारलं, मतदारांनी नाही म्हटलं. त्यांच्याकडे निदान नाही म्हणायला तरी कुणी विचारलं.

आपल्याकडे पैसा नसतो, ही सबब मला मान्य नाही. चेन्नईचं अण्णा शताब्दी ग्रंथालय २०१० मध्ये उभं राहिलं, पुढच्याच वर्षी सरकार बदललं आणि तिथे मुलांचं रुग्णालय करायचा निर्णय झाला. तो न्यायालयात अडला म्हणून ग्रंथालय वाचलं. मदुराईत २०२३ मध्ये दुसरं भव्य ग्रंथालय झालं. अशा इमारतींना माझा विरोध नाही, पण त्या राज्यकर्त्यांच्या नावाने उभ्या राहतात आणि राज्यकर्त्यांच्या मर्जीवर टिकतात. महाराष्ट्राने २०१७ मध्ये भिलारला पुस्तकांचं गाव केलं, लोकांच्या घरांत पुस्तकं ठेवली. कल्पना गोड आहे, पाचगणीला गेलात तर जरूर बघा. पण त्याच जिल्ह्यातल्या एखाद्या 'ड' वर्गाच्या वाचनालयाचं छप्पर तिने शाकारलं जात नाही. मुंबईत १८७० ची डेव्हिड ससून ग्रंथालयाची वास्तू अलीकडे पुन्हा देखणी झाली, ती प्रामुख्याने खासगी देणग्यांतून. काळा घोड्याला देणगीदार भेटतात. किनवटला आणि सुरगाण्याला कोण भेटणार?

इमारतीसाठी एक दार आहे, ते म्हणजे कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान. ते १९७२ मध्ये स्थापन झालं. जागा वाढवण्यासाठी त्याची मदत मिळते, पण ती जुळणी अनुदानाच्या योजनेत. राज्याने आपला वाटा भरला तर. संस्थेचा ठरावीक मोठा वर्धापनदिन आला की वेगळी मदत असते. ज्याला तेवढी वर्षं तग धरता आली त्याला छपरासाठी पैसे, असा तो प्रकार होतो. दुसरं दार आमदार-खासदार निधीचं. तिथे सभागृह मिळतं, फरशी चकचकीत मिळते, आणि दारावरचा नामफलक दालनाच्या मानाने जरा मोठा मिळतो. दुरुस्तीला तिथे कुणी विचारत नाही, कारण दुरुस्त केलेल्या गळतीवर नाव कोरता येत नाही.

म्हणून माझी मागणी नव्या इमारतींपासून सुरू होत नाही. आधी दुरुस्ती. राज्यातल्या प्रत्येक मान्यताप्राप्त ग्रंथालयाच्या जागेची एकदा अभियंत्याकडून तपासणी व्हावी: छप्पर, जमिनीची ताकद, वीजजोडणी, पूररेषा, स्वच्छतागृह. स्वच्छतागृह मी मुद्दाम म्हणतो. आज आपल्या ग्रंथालयांत सर्वाधिक वेळ बसतात ती स्पर्धा परीक्षेची मुलंमुली. सकाळी येतात, रात्री जातात. पुण्यात अभ्यासिका हा स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. तालुक्याच्या मुलीला मात्र तेवढं भाडं परवडत नाही, तिला सार्वजनिक ग्रंथालयच आहे. त्या मुलीला पुस्तक तिच्या मोबाइलवर मिळेल, पण पंखा, उजेड, पिण्याचं पाणी आणि आतून कडी लागणारं स्वच्छतागृह तिथे मिळत नाही. "आता सगळं डिजिटल झालं, इमारती कशाला?" असं म्हणणाऱ्यांनी संध्याकाळी सात वाजता कुठल्याही अभ्यासिकेत रिकामी खुर्ची शोधून दाखवावी.

तपासणीनंतर बडोद्याचीच वाटणी: एक वाटा संस्थेचा, एक नगरपालिकेचा, ग्रामपंचायतीचा किंवा जिल्हा परिषदेचा, एक राज्याचा. आदिवासी आणि दुष्काळी तालुक्यांत संस्थेचा वाटा श्रमाचा किंवा जागेचा धरावा, रोख मागू नये. आणि पैसा मार्चअखेर देऊ नये. फेब्रुवारीत आदेश काढायचा आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायला सांगायचं, ही पद्धत बांधकामाला चालत नाही. काँक्रीटला धरलेली ताकद यायला २८ दिवस लागतात, आणि वित्त विभागाच्या परिपत्रकाने ते लवकर घट्ट होत नाही. बांधकामाचा निधी दोन आर्थिक वर्षं खर्च करता यावा, एवढी साधी गोष्ट आहे.

टक्केवारीचं काय, असं तुम्ही मनात म्हणत असणार. बांधकाम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ठेकेदार उभा राहतो, आणि ते चूक नाही. म्हणूनच मी मोठ्या कामांऐवजी लहान दुरुस्त्या सुचवतो आहे. दोन लाखांच्या गळतीच्या कामावर गावातले दहा सभासद लक्ष ठेवू शकतात, दोन कोटींच्या इमारतीवर नाही.

दोष सगळा शासनाचा नाही. तळमजला दुकानांना, पहिला मजला लग्नकार्याला आणि पुस्तकं जिन्याखाली, अशी संस्था मी पाहिली आहे. नाव घेत नाही, आपल्यापैकी काहींनी ओळखली असेल. उत्पन्न हवं, हे खरं. पण ज्या विश्वस्तांनी स्वतःच पुस्तकांना जिन्याखाली पाठवलं त्यांनी शासनाकडे इमारत निधी मागायला कोणत्या तोंडाने जायचं?

तेव्हा घरी गेल्यावर एवढं करा. तुमच्या ग्रंथालयाच्या येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत जागेच्या कागदपत्रांचा आणि इमारतीच्या तपासणीचा विषय घ्यायला लावा. मालमत्तेचा उतारा संस्थेच्या नावावर आहे का ते बघा, नसेल तर या वर्षीच अर्ज करा. अभियंत्याचा लेखी अहवाल घ्या. आपल्या गावचा कुणी अभियंता तो फुकट देईल, न दिल्यास मला कळवा. तो अहवाल जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे आणि तुमच्या आमदारांकडे पोच घेऊन द्या. राज्यातल्या एवढ्या ग्रंथालयांपैकी हजारांनी जरी असा कागद टेबलावर ठेवला, तर पुढच्या अर्थसंकल्पात दुरुस्तीचं स्वतंत्र लेखाशीर्ष का नाही, हा प्रश्न विधिमंडळात कुणाला तरी विचारावाच लागेल.